पाणी कमी की माणसं जास्त?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसाआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी भरता भरता कुणीतरी म्हणतंच, काय करणार, माणसंच लई वाढलीत. 1798 मध्ये इंग्लंडात माल्थस नावाचा अर्थतज्ज्ञ हेच सांगत होता, माणसं दुपटीनं वाढतात, धान्य तसं वाढत नाही, मग उपासमार आणि रोगराई येते.

पण जरा हिशोब करून बघू. 2011 च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखाचं. प्रत्येकाला रोज 135 लिटर दिलं तरी वर्षाला दोन टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफूट, होत नाही, आणि आपलं उजनी धरण भरलं की साठा 117 टीएमसीच्या आसपास, मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी, बाजूला काढला तरी पन्नासच्या वर उरतंच. मग नुसती माणसं मोजून कसं चालेल?

1959 साली डंकन नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं लोकसंख्या, पर्यावरण, तंत्रज्ञान यांच्या जोडीला चौथी गोष्ट धरली, समाजाची रचना, म्हणजे बाजार, कारखाने, सरकार, कुणाच्या हातात काय आहे ते. मला हीच सगळ्यात मोठी वाटते, कारण बोलताना आपण नेमकी हीच सोडतो.

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्थर बोसरुप 1965 मध्ये म्हणाल्या की माणसं वाढली की गरजेपोटी शेतीत नवं तंत्र येतं. खरंय, आलं की, विहीर आटली तर बोअर, बोअर आटलं तर अजून खोल बोअर! पण त्यात भूजल खाली गेलं त्याचं काय? 1980 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ श्नायबर्ग यांनी पुढचं सांगितलं, यंत्रात पैसा गुंतला की ते चालू ठेवायला उत्पादन वाढवतच राहावं लागतं. आपले साखर कारखानेच बघा, कर्ज काढून गाळप क्षमता वाढवली की ऊस पाहिजे, उसाला कालवा पाहिजे. शेतकऱ्याला दोष देऊ नका हो, उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, ज्वारी पिकवून भावाची तशी खात्री कुठंय? ठिबक केलं तरी वाचलेल्या पाण्यावर बऱ्याचदा अजून एक एकर ऊसच लागतो.

उजनीच्या आवर्तनाचं, म्हणजे कालव्याला पाणी कधी आणि किती सोडायचं ते, कालवा सल्लागार समितीत ठरतं. माझं म्हणणं एवढंच, उसाला किती, ज्वारीला किती, पिण्याला किती, हे टीएमसीचे आकडे दरवर्षी ग्रामसभेत आणि वॉर्डात मोठ्यानं वाचून दाखवा.