चिंचोके मोजताना

श्रोतेहो, नमस्कार.

"आमच्या बाळाला शंभरपर्यंत अंक येतात," असे कौतुकाने सांगणारे आईवडील मला बालवाडीत दरवर्षी भेटत, आणि त्यांचा आनंद खराच असे. त्याच मुलापुढे सात चिंचोके मांडून "किती आहेत?" असे विचारले, की अनेकदा ते दहावर जाऊन थांबे, कारण तोंडातले शब्द बोटाच्या पुढे धावत. अंक म्हणणे हे पाठांतराचे काम आहे आणि मोजणे हे समजुतीचे. आपल्याकडे पहिल्याचे कौतुक फार होते. दुसऱ्याकडे मात्र लक्ष कमी जाते, म्हणून आज त्याविषयी बोलायचे आहे.

मोजायला शिकताना मुलाला काय काय उमगावे लागते, याची मांडणी रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये केली. अंकांचा क्रम बदलत नाही, एका वस्तूला एकच अंक द्यायचा, आणि शेवटी उच्चारलेला अंक हा केवळ शेवटच्या वस्तूचा नसून साऱ्या वस्तू मिळून किती आहेत ते सांगतो, ही त्यातील पायाभूत तत्त्वे होत. यातले तिसरे तत्त्व सर्वांत उशिरा रुजते, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी होती. पाच चिंचोके तिने एकेकाला बोट लावून अगदी बरोबर मोजले. मी विचारले, "मग किती आहेत गं?" तिने पुन्हा "एक, दोन, तीन..." सुरू केले. मी पुन्हा विचारले, तिने पुन्हा मोजले. "किती" हा शब्द तिच्या लेखी "मोजून दाखव" एवढाच होता. त्यानंतर मोजून झाले की मी ढिगाभोवती हात फिरवून "हे सगळे मिळून पाच" असे म्हणू लागले, आणि मोजलेला प्रत्येक चिंचोका तिला वाटीत टाकायला लावू लागले, म्हणजे मोजलेले आणि राहिलेले एकमेकांत मिसळत नसत. काही आठवड्यांनी "मला तीन दे" म्हटल्यावर तिने तीनच उचलून दिले आणि हात थांबवला. असे मागितलेले नेमके देणे हे समोरचे मोजण्यापेक्षा अवघड असते, म्हणून तो थांबलेला हात मी आजही विसरलेले नाही.

आता कमी-जास्तीकडे वळू. सहा चिंचोक्यांची एक ओळ जवळजवळ मांडा, तिच्याखाली सहाचीच दुसरी ओळ अंतर ठेवून पसरा, आणि विचारा की जास्त कुठे आहेत. चार-पाच वर्षांचे मूल बहुतेक वेळा लांब ओळ दाखवते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हे बारकाईने नोंदवले होते. अशा वेळी "अरे, सारखेच आहेत" असे सांगून उपयोग होत नाही, कारण मुलाच्या डोळ्यांना लांबी दिसत असते. वरच्या प्रत्येक चिंचोक्याखाली खालचा एक आणून ठेवायला सांगावे. जोडी लावता लावता ज्याला जोडीदार मिळत नाही तो जास्तीचा, आणि कोणीच उरले नाही तर दोन्हीकडे सारखे, हे मुलाला स्वतःच्या हातांनी कळते. शाळेत यालाच एकास एक संगती म्हणतात.

एक सूचना आवर्जून करते. पाचाला तिनापेक्षा "मोठी संख्या" म्हणण्याची घाई करू नये. बटाटा चिंचोक्यापेक्षा मोठा असतो, ही मुलाची "मोठ्या"ची कल्पना आहे. तीन बटाटे आणि पाच चिंचोके ठेवले तर ते बटाट्यांकडे बोट दाखवणारच. आधी "कमी" आणि "जास्त" हेच शब्द वापरावेत, आणि "जास्त कुणाकडे?" याच्या बरोबरीने "कमी कुणाकडे?" हेही तितक्याच वेळा विचारावे, कारण "कमी" हा शब्द मुलांच्या कानावर फारच थोडा पडतो. कमी-जास्त दाखवणाऱ्या < आणि > या चिन्हांची ओळख पहिली-दुसरीत होऊ द्या.

पुढे मराठी संख्यानामांची एक खास अडचण येते. "पंचवीस" म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतो, म्हणून कित्येक मुले २५ च्या जागी ५२ लिहितात. "एकोणतीस" मध्ये तर तीस ऐकू येऊन लिहायचे २९ असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" अशा वाचनाची जोड दिली गेली, तेव्हा बराच वाद झाला. मला स्वतःला दोन्ही वाचने शेजारीशेजारी असावीत असे वाटते, कारण आजीच्या तोंडचे "पंचवीस" मुलाला कळलेच पाहिजे. पण त्यातले दोन दशक आणि पाच सुटे त्याने दहा-दहा चिंचोक्यांच्या पुरचुंड्या बांधून पाहिलेले असावेत.

यासाठी वेगळे साहित्य आणायची गरज नाही. आज रात्री पाने मांडताना मुलाच्या हाती वाट्या द्या, प्रत्येक ताटात एक ठेवायला सांगा, आणि एक वाटी मुद्दाम कमी द्या. शेवटच्या ताटाशी ते थबकेल. तेव्हा लगेच काही सांगू नका. किती वाट्या हव्यात, हे त्यालाच विचारा.

नमस्कार.