कपाळावरचं कुंकू कुठं गेलं?

(फोटोग्राफीच्या हौशी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी पडद्यावरचा हा फोटो नीट बघून घ्या. दिवे घाट. माउलींची पालखी पुढे गेलीय, मागून दिंड्या चढतायत. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या या बाई, आणि त्यांच्या मागे ज्येष्ठातलं आभाळ. ढग कसे छिन्नीनं कोरल्यासारखे आलेत! आता बाईंच्या कपाळाकडे बघा. मोकळं दिसतंय ना? प्रत्यक्षात तिथं रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. मी चार हातांवर उभा होतो, मला दिसत होतं. फाइलमध्ये ते आलं नाही, आणि यात कॅमेऱ्याचा काडीचा दोष नाही.

झालं असं, की मित्रानं त्याचा फक्त कृष्णधवल टिपणारा डिजिटल कॅमेरा आठवडाभर मला वापरायला दिला होता. माझी उमेदवारी डार्करूममधली. हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या, वासात वाढलेला माणूस मी! ढग दिसले, की हात आपोआप लेन्ससमोर लावायच्या लाल काचेकडे, लाल फिल्टरकडे, जातो. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे आभाळाचा निळा तुकडा काळवंडतो आणि पांढरा ढग पुढे येतो. पण तोच फिल्टर लाल प्रकाशाला मात्र सताड दार उघडून देतो. कुंकू लाल, आणि उन्हापावसात रापलेल्या सावळ्या कातडीतही तांबूसपणा भरपूर. दोन्ही उजळले, करड्या रंगाच्या एकाच छटेवर येऊन बसले, आणि कुंकू कपाळात विरघळून गेलं. रात्री कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला तेव्हा पोटात गोळाच आला. बाईंना म्हणालो होतो, “मावशी, फोटो पाठवतो हं.” सवाष्ण बाईला तिचंच कपाळ पुसलेला फोटो कुठल्या तोंडानं पाठवायचा?

आता तुमच्यातला कुणीतरी मनात म्हणत असेल, की एवढं काय त्यात, सॉफ्टवेअरमधला लाल रंगाचा स्लायडर खाली ओढायचा. साध्या रंगीत कॅमेऱ्यानं, फिल्टर न लावता काढलेला फोटो असता तर तेच केलं असतं. इथं ते स्लायडर जागचे हलतच नाहीत. का, ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा तुकडा, मुळात रंगांधळा. त्याला फक्त किती उजेड पडला एवढंच कळतं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी त्यावर रंगीत काचांची चौकट बसवायची युक्ती काढली. १९७६ सालचं ते पेटंट. चार पिक्सेल घेतले, तर दोन हिरव्या काचेखाली, एक लाल, एक निळ्या. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग ठाऊक. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करून अंदाजानं भरतं. आपण रंगीत रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, काळी-पांढरी करताना जे लाल-पिवळे-निळे स्लायडर ओढतो, ते या माहितीवर चालतात. कृष्णधवल कॅमेऱ्यात ती चौकटच नाही. मग फाइलमध्ये रंगाची नोंद कुठून येणार? व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, तीही गेली. सॉफ्टवेअरमध्ये रंगाचे सगळे स्लायडर मंद होऊन बसतात. रंगाबद्दलचा निर्णय लेन्सच्या तोंडाशी, शटर दाबायच्या आधी घ्यायचा. तो घरी नेता येत नाही.

बदल्यात मिळतं काय? लायका कंपनीचा रंगीत एम-नाइन आणि २०१२ साली आलेला एम मोनोक्रोम ही जोडी घ्या. दोघांत १८ मेगापिक्सेलचा, मुळात एकाच घराण्यातला सेन्सर. रंगीत भावाचा मूळ आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, १६०, काळ्या-पांढऱ्याचा ३२०. काचा काढल्याबरोबर उजेड दुप्पट कामी आला! शिवाय प्रत्येक पिक्सेल स्वतःचं बोलतो, शेजाऱ्याला विचारत नाही, म्हणून तपशील धारदार येतो. सॉफ्टवेअर रंगीत फाइलच्या सवयीनं कडा टोकदार करणारं जे शार्पनिंग आपणहून लावतं, ते आधी उतरवा. नाहीतर बाईंच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तारेनं ओढल्यासारख्या दिसतात.

फाइल पहिल्यांदा उघडाल तेव्हा निराश होऊ नका. पाणी घातलेल्या ताकासारखी दिसते. काळा धड काळा नाही, पांढरा धड पांढरा नाही. आम्ही निगेटिव्ह बघायचो तेव्हा तरी काय वेगळं होतं? प्रिंटच्या ब्रोमाइड पेपरची ग्रेड, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक किती तीव्र ते, निवडेपर्यंत फोटोत जीव नसायचाच. इथं ग्रेडच्या जागी कर्व्ह आहे, छटा वरखाली ओढायची सॉफ्टवेअरमधली रेघ. मी आधी काळा टोकापर्यंत खेचतो, मग मधला भाग चढवतो, पांढऱ्याला सगळ्यात शेवटी हात लावतो.

पांढऱ्यावर जरा थांबू या, कारण वारीत पांढरंच पांढरं असतं. टोप्या, धोतरं, सदरे. रंगीत सेन्सरवर अशा ठिकाणी बहुधा हिरवा आधी भरतो, लाल-निळ्यात थोडी जागा उरते, आणि तेवढ्या आधारावर सॉफ्टवेअर उडालेला पांढरा ओढून आणतं. कृष्णधवल सेन्सरवर सगळे पिक्सेल एकदमच काठोकाठ भरतात. १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. शेवटची ओलांडली, की धोतराची घडी कायमची गेली. म्हणून मी अशा उन्हात कॅमेऱ्याचा मीटर सांगतो त्यापेक्षा एखादा स्टॉप कमीच देतो. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. फार कमीही देऊ नका, कारण त्या १६,३८४ पैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या, सगळ्यात वरच्या एका स्टॉपलाच मिळतात. खाली अंधाराच्या वाट्याला चिल्लर राहते. तरी अंधार वर ओढला तर निभावतं. नॉईज येतो, पण त्यात रंगीत ठिपके नसतात. बारीक रवा पसरल्यासारखा दिसतो, जुन्या फिल्मच्या ग्रेनच्या जवळ जाणारा. मी तो पुसत नाही.

कॉम्प्युटरवरचा खरा वेळ जातो तो जागच्या जागी उजळण्यात आणि काळवंडवण्यात. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लावून हलवत बसायचो. आता फोटोचा हवा तेवढाच भाग निवडणारे मास्क आहेत, मान आखडते तेवढीच. एक पथ्य पाळा. हे काम जेपेगवर करू नका. काळ्या-पांढऱ्या जेपेगमध्ये करड्याच्या फक्त २५६ छटा असतात. आभाळ जरा ताणलं, की त्यात जिन्यासारख्या पायऱ्या दिसू लागतात. रॉवरच करा, बाहेर काढायचीच झाली तर १६ बिट टिफ काढा.

आता दुसरा फोटो. पुढच्या वर्षी, तोच घाट, तोच मित्र, तोच कॅमेरा. या खेपेला पिवळसर हिरवा फिल्टर. कुंकू बघा, शाईच्या ठिपक्यासारखं उमटलंय. आभाळ मात्र मिळमिळीत आलं होतं. ते घरी हळूहळू विरत जाणाऱ्या ग्रेडियंट मास्कनं दीड स्टॉप खाली आणलं, ढगांच्या कडा ब्रशनं थोड्या उजळल्या. आभाळ दुरुस्त करता येतं, कुंकू नाही, एवढा हिशेब मला वर्षभरानं कळला. दोन दिवसांनी जेजुरीत मात्र साधा पिवळा फिल्टर लावला. भंडारा उधळला जातो तेव्हा पिवळ्या काचेतून तो उजळून पांढराशुभ्र येतो, गडाच्या काळ्या दगडावर धुकं उतरल्यासारखा. तिथंही पांढरा उडू नये म्हणून दीड स्टॉप कमी दिला होता.

मघाशी मागून एक ताई विचारत होत्या, की पहिल्या फोटोत कुंकू ब्रशनं काढून का नाही दिलं? काढलं होतं हो. रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो. कितीही मऊ ब्रश घेतला तरी बाजारची टिकली चिकटवल्यासारखं दिसत होतं. घामानं जरा ओघळलेली खालची कड मला काही जमेना. शेवटी सगळं पुसलं.

दोन्ही फोटोंचे प्रिंट आणलेत. पहिल्या रांगेपासून मागे पाठवा. ट्यूबलाइटखाली धरू नका, खिडकीकडे वळवून बघा. आणि कडेला धरा, मॅट कागद आहे, बोटं उमटतात.