गुलाबी कवच आणि उलटा चुंबक: समुद्राच्या गाळाचं वय कसं काढतात?

नमस्कार मंडळी! मी बसलेय मिरामारच्या वाळूत. हातात साधं लोहचुंबक आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. हे कोरड्या वाळूतून असं फिरवते... दादा, कॅमेरा जरा जवळ आण. दिसली ही काळ्या कणांची दाढी? यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं.

याहून कितीतरी बारीक कण नद्यांबरोबर खोल समुद्रात जातात. चिखलात बसता बसता ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात. वर आणखी गाळ साचतो, पाणी पिळून निघतं आणि कण जागच्या जागी आवळले जातात. लाखो वर्षांनी थर वर काढला, तरी धरलेली दिशा बरीचशी टिकून असते.

आणि हे क्षेत्र अधूनमधून चक्क उलटं होतं! शेवटचा पालट सुमारे 7 लाख 73 हजार वर्षांपूर्वीचा. त्याआधी होकायंत्र असतं, तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. उलटं चुंबकत्व धरलेला खडक 1906 मध्ये फ्रान्सच्या बर्नार ब्रून यांनी नोंदवला. पुढे 1929 मध्ये जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी या उलटेपणाची सांगड खडकांच्या वयाशी घातली. म्हणून आजच्या सुलट काळाला ब्रून म्हणतात आणि त्याआधीच्या उलट काळाला मातुयामा.

समुद्रतळातून नळीत भरून काढलेला गाळ वर येताना गोल फिरतो, त्यामुळे मूळची उत्तर कुठली ते सहसा कळत नाही. मग कणांचा कल बघतात. आपल्याकडे आज चुंबकसुईचं उत्तर टोक थोडं खाली झुकतं. उलट काळात ते वर जाईल. विषुववृत्ताजवळ मात्र सुई जवळपास आडवीच राहते, तिथे हे ओळखणं फार जिकिरीचं.

पण खरी अडचण पुढे आहे. चुंबक दोनच उत्तरं देतो, सुलट किंवा उलट. असे पालट पृथ्वीच्या इतिहासात शेकडो वेळा झालेत. हातात आलेला उलटा पट्टा त्यातला नेमका कितवा? एकटा चुंबक हे कधीच सांगू शकणार नाही.

इथे जीवाश्म लागतात. आपल्या दोना पावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे, 1966 पासूनची. तिथे अशा गाळातली फोरामिनिफेरा अभ्यासतात. हे एकपेशीय जीव, चुन्याचं कवच बांधणारे. गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, उरलेले दाणे काळ्या थाळीत पसरायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. दाणा वाळूएवढा. मान मोडते, पण एखादं गुलाबी कवच दिसलं की डोळे चमकतात! ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर नावाच्या जातीचा हा गुलाबी प्रकार अटलांटिकमध्ये आजही जगतो. हिंदी आणि प्रशांत महासागरांतून मात्र सुमारे 1 लाख 20 हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. म्हणजे अरबी समुद्राच्या गाळात गुलाबी कवचं जिथे संपतात, तिथे वयाची एक खूण मिळाली. किडे चिखल उकरतात, एखादं सुटं कवच वर ढकललं जातं, म्हणून एकाच दाण्यावर विसंबत नाहीत. आता त्या खुणेच्या बऱ्याच खाली चुंबक पहिल्यांदा पक्का उलटला आणि मधला थर गायब नसेल, तर तो 7 लाख 73 हजारांचाच पालट.

मधला थर गायब नसेल, हे मी मुद्दाम म्हणतेय. 2015 मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळ खणला, तेव्हा एका महाप्रचंड दरडीचा गाळ लागला. तिचं नाव नटराज. दरडीत जुनंनवं सगळं कालवलेलं, तिच्या पोटातल्या जीवाश्मांवरून वय कसं धरणार? म्हणून तिच्यावर नंतर शांतपणे साचलेल्या थराचं वय काढलं: सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षं. दरड त्याच्या जरा आधीची.

राहिला प्रश्न वर्षांच्या आकड्यांचा. ते ज्वालामुखीकडून येतात. जपानमध्ये चिबा इथे जुना समुद्रतळ वर उचलला जाऊन आज नदीकाठी उघडा पडलाय. त्यात राखेचा पातळ थर आहे. राखेतल्या झिरकॉनच्या स्फटिकांमध्ये युरेनियमचं शिसं होत राहतं. त्या प्रमाणावरून वय निघतं. चुंबकाचा पालट त्या राखेच्या अगदी लगत आहे. 2020 मध्ये त्या जागेवरून भूशास्त्रातल्या एका कालखंडाला चिबानियन हे नाव मिळालं, आणि त्याची सुरुवात त्या राखेच्या रेषेवर मोजतात. काठावर उभं राहून त्या रेषेवर बोट ठेवता येतं.