गच्चीची किल्ली आणि पावसाची बाटली

मघाशी चहा घेताना एका आईनं विचारलं, "प्रयोगांचं किट कुठलं घेऊ?" काहीच घेऊ नका. घरात हळद आहे ना? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. कपडे धुणाऱ्या प्रत्येक आजीनं हे पाहिलंय. पण ही गंमत दोन मिनिटांत संपते आणि पोरं परत मोबाईलकडे वळतात. मला बोलायचंय ते चार महिने चालणाऱ्या, पाऊस मोजायच्या प्रयोगाबद्दल.

पाऊस तोंडावर आलाय. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. जिथून ती निमुळती होते तिथे कापा (कात्री तुम्ही चालवा) आणि कापलेला भाग उलटा करून नसराळ्यासारखा बसवा. बूड खाचाखाचांचं असतं, म्हणून आत खडे टाका आणि सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा. ती रेघ म्हणजे शून्य. तिथून वर पट्टीनं मिलिमीटर आखा. वेधशाळेत सकाळी साडेआठला नोंद घेतात. सकाळच्या शाळेवाल्यांनी आपली वेळ धरावी, पण रोज तीच.

खिडकीच्या ग्रीलमध्ये ठेवून चालत नाही, भिंत पाऊस अडवते. गच्चीच हवी. म्हणजे सेक्रेटरीकडून किल्ली मिळवणं आलं, आणि मुंबईत प्रयोगाचा सगळ्यात अवघड भाग तोच!

माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, बादली ठेवली तर जास्त पाऊस मोजला जाईल ना?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच बहिणीनं डोळे वटारले. बरं झालं. पोरीनं बाटलीशेजारी लाडवाचा उभा डबा आणि बादली मांडली. डबा बाटलीपेक्षा दुप्पट रुंद, तरी दोघांत पाण्याची उंची जवळपास सारखीच. बादलीत मात्र जास्त! दोन दिवस ती चिडचिड करत होती. तिसऱ्या दिवशी बादली पालथी घालताना तिच्या लक्षात आलं की ही तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद आहे.

पुढचं भांडण आकड्यांचं. मुलुंडच्या मित्राचा आकडा हिच्या दादरच्या आकड्याशी जुळेना, म्हणून ती वही खोडायला निघाली. खोडू देऊ नका. 26 जुलै 2005 च्या त्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. शहर एकच, आणि दोन्ही मापकं ठीकठाक.

मग तिला हिशेब घाला: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पडला, तर दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सेक्रेटरींना हे सांगितल्यावर किल्ली लवकर मिळते, असा अनुभव आहे.

आणि हो, नोंद झाली की रोज पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाका. उघडीप पडली तर बाटली पूर्ण रिकामी करा. साचलेल्या पाण्यात डास होतात.