सात खुर्च्यांपैकी आपल्या किती?

मंडळी, आपल्या कोल्हापूरचा विकास आराखडा जाहीर झाला की आपण सगळे नकाशाकडं धावतो. आपल्या जागेवर आरक्षण पडलंय का, शेत पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवासी विभागात, आलंय का, एवढंच बघतो. मग प्रॉपर्टी कार्डाचा उतारा जोडून हरकत देतो आणि सुनावणीच्या पत्राची वाट बघतो. ती हरकत ऐकतं कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

1966 च्या नगररचना कायद्यात, कलम 28 मध्ये, याचं उत्तर आहे. हरकती नियोजन समितीकडं जातात. समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, आणि जास्तीत जास्त चार जाणकार नेमतात पुण्यात बसणारे राज्याचे नगररचना संचालक. म्हणजे सातची समिती झाली, तर तुम्ही निवडून दिलेले तीन आणि पुण्याहून नेमलेले चार! शिवाय आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य सरकारचीच. 74 व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची, म्हणजे नगरपालिका-महापालिकांकडं द्यायच्या विषयांची यादी आणली, तिच्यातला पहिलाच विषय नगर नियोजन. कागदावर तो शहराचा आहे.

आता ते तीन तरी असतात का? आपल्या सभागृहाची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढं पाच वर्षं कारभार प्रशासकाकडं होता. तेव्हा स्थायी समितीच नव्हती, तर तिचे तीन सदस्य आणणार कुठून? शेजारच्या 42 गावांसाठी 2017 मध्ये वेगळं विकास प्राधिकरण झालं, तिथंही शासनाचाच वरचष्मा.

अमेरिकेत जमीन वापराच्या नियमातून सूट मागायची, तर गावच्या मंडळापुढं जावं लागतं. तिथल्या 1926 च्या नमुना कायद्यात पाच सदस्य, तीन वर्षांची मुदत. एखाद्याला काढायचं तर लेखी आरोप ठेवून जाहीर सुनावणी घ्यायची. बैठक सर्वांना खुली, आणि कुठल्या सदस्यानं काय मत दिलं, हे इतिवृत्तात नावानिशी. मला सगळ्यात आवडतं ते हे शेवटचं.

कारण स्थानिक माणूस म्हणजे आपोआप सज्जन, असं मी म्हणणार नाही. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत बांधायला परवानगी द्या म्हणून दबाव आणणारे काय परगावचे असतात? आपलेच, चहा पाजणारे. पण दुसरी बाजूही बघा. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतल्या लोकांनी पाणी चढायच्या आत गणपतीच्या मूर्ती हलवल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी गाठते, तेव्हा पाणी आधी कुठल्या गटारीतून उलटं येतं, हे त्यांना पाठ असतं. ते नकाशात नसतं आणि पुण्याच्या टेबलावरही नसतं. असा एक माणूस समितीत हवा, आणि त्याचं मतही नावानिशी नोंदवलेलं हवं. पाजलेल्या चहाचा हिशेब तिथं लागतो.

कायदा बदलायला मुंबईला जावं लागेल, त्याला वेळ लागेल. पण आंदोलन करून टोल घालवणाऱ्या या गावाला सात नावं विचारायला काय अवघड आहे? पुढच्या वेळी हरकत द्याल, तेव्हा खाली दोन ओळी जास्त लिहा: समितीतल्या सदस्यांची नावं आणि त्यांची नेमणूक कुणी केली, ते कळवावं. माझ्या हरकतीवर कुणी काय मत दिलं, त्याची प्रत मिळावी. पोच घ्यायला विसरू नका.