14 इंची भिंत, 192 गाठी

(दृश्य: पहाटेचा उजेड. कॅमेरा एका दगडी भिंतीच्या कडेने चालतो. भिंत संपत नाही.)

फिलाडेल्फियातल्या गिरार्ड कॉलेजची ही भिंत. उंची 10 फूट, जाडी किमान 14 इंच, माथ्यावर संगमरवर. ही मापं मृत्युपत्रातून आलेली आहेत. स्टीफन गिरार्ड हा अमेरिकेतला त्या काळचा गडगंज व्यापारी आणि बँकवाला 1831 साली वारला. माझ्या पैशातून अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढा, असं तो लिहून गेला. भिंत कशी बांधायची ते लिहिलं, तसंच आत कोण यायचं तेही लिहिलं. गरीब, मुलगे आणि गोरे. नावात कॉलेज असलं तरी ही शाळाच. ती 1848 साली उघडली.

पुढच्या शंभर वर्षांत भिंतीबाहेरची वस्ती कृष्णवर्णीयांची झाली, आत मात्र गोरीच मुलं राहिली. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहराच्या अखत्यारीतल्या विश्वस्त मंडळाला असा भेद करता येणार नाही. मग सरकारी विश्वस्त काढून खाजगी नेमले गेले आणि भेद तसाच चालू राहिला. पळवाट काढायची तर अशी!

(दृश्य: जुनी छायाचित्रं. फलक घेऊन भिंतीबाहेर चालणारी माणसं.)

1 मे 1965 ला वकील सेसिल बी. मूर यांच्या पुढाकाराने या भिंतीबाहेर निदर्शनं सुरू झाली. सात महिने आणि सतरा दिवस माणसं इथे फेऱ्या घालत होती. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे येऊन बोलले. कोर्टातली लढाई संपायला 1968 उजाडलं आणि त्या सप्टेंबरात पहिली चार कृष्णवर्णीय मुलं दारातून आत गेली.

जानेवारीचा तिसरा सोमवार ही किंग यांच्या जयंतीची सुट्टी. देशपातळीवर ती 1986 पासून पाळली जाते. 1994 साली खासदार जॉन लुईस आणि सिनेटर हॅरिस वॉफर्ड यांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि सुट्टीचा हा दिवस सेवेचा दिवस ठरला. वॉफर्ड तरुणपणी भारतात राहून गांधीविचार अभ्यासून गेलेले. फिलाडेल्फियाने 1996 पासून हा दिवस मनावर घेतला, आणि अनेक वर्षं त्याचं मुख्य ठिकाण होतं याच भिंतीच्या आत. त्याला लागूनच येणारा मंगळवार 2017 पासून वंशभेदाचे घाव भरून काढण्याचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळतात. ती कल्पना मिशिगनमधल्या डब्ल्यू. के. केलॉग फाउंडेशनची.

सोमवारी हात चालवायचे आणि मंगळवारी बोलायचं, अशी ही जोडी. आमच्या मते ती एकाच दिवशी, एकाच खोलीत बसवली तर जास्त चालते. ती कशी बसवायची ते पाहू.

(दृश्य: मोठी खोली, लांब टेबलं. चार जणांच्या मधोमध अंथरलेलं जाड मऊ कापड.)

काम निवडताना आधी हवा बघायची. फिलाडेल्फियात जानेवारीत पारा शून्याच्या आसपास असतो. जमीन गोठलेली, त्यामुळे झाडं लावणं बाद. बाहेरच्या भिंती रंगवणंही बाद, कारण पाण्यातला रंग 10 अंशांखाली नीट धरत नाही. घरात बसून होणारं आणि हात गुंतले तरी तोंड मोकळं राहील असं काम हवं. म्हणून बेघरांच्या निवारागृहांसाठी फ्लीसची, म्हणजे जाड मऊ कृत्रिम कापडाची, पांघरुणं करायची. गोधडीसारखेच दोन थर, पण सुई नाही, दोरा नाही. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, म्हणून कडा शिवावी लागत नाही, गाठी मारल्या की झालं.

एका पांघरुणाला दीड वाराचे दोन तुकडे लागतात. आधी दोन्हींच्या किनारी कापून टाकायच्या. त्या ठेवल्या तर धुतल्यावर कडा आक्रसते. उरतं साधारण 54 बाय 58 इंच कापड. दोन्ही तुकडे उलट बाजू आत ठेवून एकावर एक अंथरायचे. चारही कोपऱ्यांतून 4 इंची चौकोन कापायचे. ही पायरी विसरली तर कोपऱ्यावर दोन बाजूंच्या पट्ट्या एकमेकांत घुसतात आणि तिथे गाठ बसत नाही. मग चारही बाजूंनी, 4 इंच खोल आणि 1 इंच रुंद, झालर कापत जायचं. दोन्ही थर एकदमच कापायचे.

(दृश्य: अगदी जवळून. वरची पट्टी, खालची पट्टी, दोन बोटं, गाठ.)

वरची आणि खालची पट्टी जोडीने धरायची आणि दोनदा गाठ मारायची. लांब बाजूंवर पन्नास-पन्नास, आखूड बाजूंवर शेहेचाळीस-शेहेचाळीस, एकूण 192 गाठी. टेबलाच्या प्रत्येक बाजूला एक माणूस, म्हणजे डोईवर पन्नासच्या आत. कात्री धारदार असेल तर तासाभरात पांघरूण तयार.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, कात्री. शाळेतल्या मुलांच्या कात्र्यांनी दोन थर कापले जात नाहीत, चावले जातात. शिंप्याची कात्री हवी, दर टेबलाला दोन तरी. दोन, गाठ. हौसेने आवळून मारली की कड गोळा होते आणि पांघरूण तव्यावरच्या पापडासारखं वळतं. गाठ बसावी, पण कापड ओढलं जाऊ नये. तिसरं बिघडतं ते टेबलावर कोण बसलं यात. माणसं ओळखीच्यांजवळ बसतात. चर्चची मंडळी एका टेबलावर, कंपनीचे लोक दुसऱ्या टेबलावर असं झालं तर दिवस फुकट. म्हणून दारातच चार रंगांच्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि प्रत्येक टेबलावर चारही रंग येतील असं बसवायचं. कुटुंबाने आलेल्यांना सुद्धा. थोडी नाराजी होते. ती सोसायची.

निवारागृहाला आठवडाभर आधी फोन करायचाच. कुणाला लहान मुलांच्या मापाची पांघरुणं हवी असतात, कुणाकडे आधीच ढीग असतो. देणाऱ्याची हौस भागली आणि घेणाऱ्याची अडगळ वाढली, असली सेवा आपल्याकडेही कमी नाही.

जेवण साधं आणि एकाच टेबलावर. शाकाहारी वेगळं, शेंगदाणे असलेलं वेगळं, आणि डुकराचं मांस असेल तर तसं लिहिलेलं.

(दृश्य: टेबलं बाजूला सरकवली जातात. खुर्च्यांचं वर्तुळ.)

जेवणानंतर बैठक. खुर्च्या सगळ्या एकाच उंचीच्या, मध्ये टेबल नाही. वर्तुळात वीस जण, जास्त नकोत. हिशोब सोपा आहे. वीस जण दोन-दोन मिनिटं बोलले तरी चाळीस मिनिटं जातात. चाळीस जण आले तर दोन वर्तुळं करायची. वर्तुळ मोठं केलं की शेवटच्या दहा जणांचं कुणी ऐकत नाही.

बैठक चालवायला दोघं हवेत, वेगवेगळ्या वंशांचे, आणि वर्तुळात समोरासमोर बसलेले. शेजारी बसले तर तो मंच होतो. सुरुवातीला ठरवून घ्यायचं ते एवढंच. आपलं सांगायचं, दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही. नको वाटलं तर ‘पुढे’ म्हणायचं, कारण द्यायचं नाही. इथे ऐकलेलं इथेच राहील. हातात फिरवायला एखादी वस्तू असते, ती ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं.

पहिला प्रश्न हलका. तुमचं नाव कुणी ठेवलं? त्यात आजी येते, गाव येतं, कधी बदललेलं आडनाव येतं. मग जोड्या लावायच्या, शक्यतो सकाळच्या टेबलावरच्याच. तुमची किंमत कुणीतरी ओळखली असा एक प्रसंग सांगा, असा प्रश्न. प्रत्येकाला तीन मिनिटं. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच झालं’ म्हणायचं नाही. तीन मिनिटं गप्प बसणं 50 गाठी मारण्यापेक्षा अवघड जातं. वंशामुळे वाट अडली तो प्रसंग याच्या नंतरच्या फेरीत विचारायचा. तोच आधी विचारला की माणसं बचावाच्या पवित्र्यात जातात.

ठरलेली गडबड अशी होते. वर्तुळात एकच कृष्णवर्णीय बाई असते आणि सगळे प्रश्न तिच्याकडे वळतात, जणू ती शिकवायला आली आहे. नाहीतर एखाद्या गोऱ्या माणसाला अपराधी वाटून रडू येतं आणि पुढची वीस मिनिटं सगळे त्याची समजूत घालतात. दोन्ही वेळी बैठक चालवणाऱ्याने शांतपणे वस्तू पुढच्या हातात द्यायची. कॅमेरा वर्तुळात येऊ द्यायचा नाही. आमचाही बाहेर होता.

(दृश्य: बंद दार. आतून अस्पष्ट आवाज.)

भारतीय माणूस अशा बैठकीत आला की बऱ्याचदा म्हणतो, हा काळ्या-गोऱ्यांचा मामला, आम्ही नंतर आलो. ‘नंतर’ कसे आलो, ते तारखा सांगतात. 1946 पासून भारतीयांना अमेरिकेत कायम राहायला येण्यासाठी वर्षाला जागा होत्या फक्त 100. ते दार उघडणाऱ्या कायद्यावर सही झाली 3 ऑक्टोबर 1965 ला, नागरी हक्कांच्या लढ्याने देश ढवळून निघाला होता तेव्हा. या भिंतीबाहेर माणसं त्या दिवशीही फेऱ्या घालत होती. कायदा पूर्ण लागू झाला 1968 च्या जुलैत, त्या चार मुलांच्या दोन महिने आधी. न्यू जर्सीतली आपली कितीतरी घरं त्याच दारातून आली आहेत.

(दृश्य: संध्याकाळ. खुर्च्या रचल्या जात आहेत.)

शेवटच्या फेरीत प्रत्येकाचा एकच शब्द. त्यानंतर कुणी भाषण करायचं नाही. निघण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख तिथेच ठरवायची, चार ते सहा आठवड्यांतली. ‘कळवतो’ म्हटलं की पुढचा जानेवारी येतो.

पांघरूण गुंडाळायचं आणि सकाळी कापून टाकलेल्या किनारीच्या पट्टीनेच बांधायचं. सोबत चिठ्ठी अडकवायची. माप, आणि ‘गार पाण्यात धुवा’. वीस जणांच्या पाच टेबलांवर पाच पांघरुणं होतात. गाडीत ठेवताना ती पुन्हा एकदा मोजायची, कारण निवारागृहाला फोनवर आकडा सांगितलेला असतो.