गॅस गीझर बसवताना

नमस्कार श्रोतेहो. थंडी पडायला लागली की गॅस गीझर घ्यायचा विषय घरोघरी निघतो. नळ उघडला की लगेच गरम पाणी, वीज गेली तरी अडत नाही, बिलही वाढत नाही. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण हा गीझर चुकीच्या जागी बसला तर माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो, आणि दाराला आतून कडी असल्याने घरच्यांना वेळेवर कळतही नाही. म्हणून आज गीझर बसवण्याबद्दल, आणि सगळ्यात आधी जागेबद्दल.

गॅस गीझर बाथरूममध्ये लावायचा नाही. का, ते हिशेबाने पाहू. सहा लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. दहा मिनिटांत तो अंदाजे १५० ग्रॅम गॅस जाळतो. एवढा गॅस पुरता जळायला दोन हजार लिटरच्या आसपास हवा लागते. आता चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंचीची बाथरूम घ्या. तिच्यात सगळी मिळून हवा असते साडेपाच हजार लिटरच्या घरात. म्हणजे एकाची अंघोळ होईपर्यंत एक तृतीयांशाहून जास्त हवेपुरता प्राणवायू खर्ची पडला. गारठा आत येऊ नये म्हणून खिडकी लावलेली, आणि पाठोपाठ दुसरा माणूस अंघोळीला गेला. हवेत एरवी २१ टक्के प्राणवायू असतो. तो १८ टक्क्यांवर घसरला की गॅस अर्धवट जळायला लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती ओळखू यावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि बाहेर पडावं असं वाटेपर्यंत पायातलं बळ गेलेलं असतं.

एक्झॉस्ट फॅन आहे की, असं बरेच जण म्हणतात. पण आत हवा यायला दाराखाली फट किंवा वेगळी जाळी नसेल तर तो नुसता फिरत राहतो, हवा फारशी हलत नाही. शिवाय तो लावायचा एक दिवस राहून गेला, तर? त्याच्या भरवशावर गीझर आत घेऊ नका.

मग लावायचा कुठे? ड्राय बाल्कनीत, किंवा मोकळ्या हवेतल्या बाहेरच्या भिंतीवर. वर पावसाचा आडोसा हवा, वाऱ्याचा थेट झोत ज्योतीवर येता कामा नये. बाल्कनी काचा लावून बंद केलेली असेल तर ती बाल्कनी राहिली नाही, ती खोलीच झाली. इमारतीच्या डक्टमध्येही नको, तिथे शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. आणि एक गोष्ट हमखास चुकते: गीझर बाहेर लावतात, पण नेमका बाथरूमच्या खिडकीखाली. जळलेली गरम हवा वर चढते आणि त्याच खिडकीतून आत येते. खिडकीपासून बाजूला सरकवून लावा.

लांबून पाइप आणला तर पाणी गार होईल, असं प्लंबर सांगतो. अर्धा इंची पाइप दहा फूट वाढला तरी त्यात अर्धा लिटरसुद्धा पाणी मावत नाही. सुरुवातीला तेवढंच काय ते गार येईल. गरम पाण्याचा पाइप मात्र सीपीव्हीसीचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा, किंवा धातूचा घ्या. गार पाण्याचा साधा पांढरा पाइप उष्णतेने मऊ पडून सांध्यात सुटतो.

आता गॅसची बाजू. गीझर विकत घेतानाच तो सिलिंडरसाठी आहे की पाइपलाइनच्या गॅससाठी, हे पाटीवर वाचून घ्या. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपलाइनचा घरात २१ मिलिबारने. बर्नरच्या नोझलची छिद्रंही वेगवेगळी असतात. पाइपलाइनचा गीझर सिलिंडरला जोडला तर ज्योत भडकते, पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी वायू वाढतो. नोझल बदलायचं काम कंपनीच्या मेकॅनिकचं. हॉटेलवाल्यांचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या गीझरला कधीही लावू नका.

शेगडीची रबरी नळी मधेच कापून, टी टाकून गीझरला गॅस नेणं हा सगळ्यात वाईट प्रकार. गीझरला स्वतःचा कॉक हवा, हात सहज पोचेल असा. नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळी, दीड मीटरहून लांब नको, भिंतीतून ओवलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. भिंत ओलांडायची असेल तर धातूचा पाइप. सिलिंडर उभा, जमिनीवर, मोकळ्या जागी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद कपाटात तळाशी साचून राहतो.

जोडणी झाली की मेकॅनिकला लगेच जाऊ देऊ नका. साबणाच्या पाण्याचा दाट फेस प्रत्येक सांध्यावर लावा आणि मिनिटभर बघत राहा. बुडबुडा फुगला तर गळती आहे. काडी पेटवून कोणी तपासत असेल तर त्याला थांबवा. मग गीझर चालू करून ज्योत पाहा: निळी, स्थिर हवी. पाणी बंद करताच ती त्याच क्षणी विझली पाहिजे. रेंगाळली तर पाण्याचा व्हॉल्व नीट बसत नाही. तो दुरुस्त होईपर्यंत गीझर वापरायचा नाही.

वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी पडून गीझर पेटत नाही ही तक्रार नेहमीची. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे एक बार दाब मिळतो, आणि वरच्या मजल्याला उंची मिळते दोन-तीन मीटर. म्हणून कमी दाबावर चालणारं मॉडेल मागून घ्या. आधीपासून नीट चालणारा गीझर अडला, तर पाणी आत येतं तिथली जाळी आणि ठिणगीसाठीचे सेल आधी बघा. बोअरचं जड पाणी असेल तिथे क्षार साचतात. दिवाळीनंतर, थंडीच्या तोंडावर, वर्षातून एकदा बर्नर आणि तांब्याच्या पाती साफ करून घ्या. पातींत काजळी भरली की जळालेला वायू वर निघत नाही, आणि ज्योत परत पिवळी पडते.

कोणी बाथरूममध्ये पडलंच, तर दार तोडून आधी माणसाला उघड्यावर आणा, मग गॅसचा कॉक बंद करा आणि १०८ ला फोन करा. गळतीचा वास येत असेल तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. १९०६ हा सिलिंडरच्या गॅसगळतीसाठीचा तातडीचा क्रमांक आहे. दवाखान्यात गेल्यावर "घरात गॅस गीझर आहे, अंघोळ करताना पडले" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त वेगळं ओळखता येत नाही. तो ९८ दाखवत राहतो, आणि आकडी आली असेल किंवा चक्कर आली असेल अशा समजुतीने उपचार चालू होतात. रक्ताची वेगळी तपासणी आणि लगेच प्राणवायू देणं, या दोन्ही गोष्टी तुमच्या त्या एका वाक्यावर अवलंबून असतात.